ताजं अंजीर, सुकं अंजीर आणि मधली भानगड

टेकडीवरची

मंडळी, अंजिराचा हंगाम ऐन भरात आहे आणि आमच्या घरी दोन पेट्या येऊन पडल्यात. (नवरा सासवडच्या बाजूला कामाला गेला की रिकाम्या हाताने परत येत नाही. दिवे घाट चढून वर गेलं की रस्त्याकडेला विकणारे बसलेलेच असतात.) पहिल्या दिवशी सगळ्यांनी ताव मारला. दुसऱ्या दिवशी खालचा थर मऊ पडला आणि आता पेटी उघडली की आंबूस वास येतोय.

माझे प्रश्न असे. ही उरलेली अंजिरं गच्चीवर वाळवली तर दुकानात मिळतात तसली चपटी, गोड, दाणेदार सुकी अंजिरं होतील का? पुरंदर एवढं अंजिरासाठी प्रसिद्ध, तर मग दुकानात "पुरंदरचं सुकं अंजीर" असं कधी का दिसत नाही? नेहमी अफगाणी नाहीतर इराणी, तुर्की. आणि सासूबाई अंजीर फोडून, आत निरखून बघितल्याशिवाय तोंडात टाकत नाहीत. "उंबराचाच भाऊबंद तो, आत किडे असणारच" असं त्यांचं म्हणणं. खरं काय?

जॅम, बर्फी वगैरे हातखंडा कृती असतील तर त्याही येऊ द्या. फक्त "अंजीर खा, बद्धकोष्ठ घालवा" छाप फॉरवर्ड नकोत, ते घरच्या ग्रुपवर रोज येतात.

---

खारेदाणे

वाळवून काही उपयोग नाही, चामडं होतं. अनुभवी माणूस.

---

चष्मिष

चांगला धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कऱ्हाकाठचे, कुठे आहात?

---

कऱ्हाकाठचा

आलो आलो. दिवसभर तोडणी चालू होती, आत्ता मोबाइल हातात घेतला.

टेकडीवरची ताई, आधी तुमच्या पेटीचं. अंजीर झाडावरून उतरलं की त्याचं पुढे पिकणं जवळपास थांबतं. आंबा, केळी, चिकू अढीत गोड होतात, हे होत नाही. मऊ पडतं, पण साखर वाढत नाही. म्हणून ते झाडावरच पिकू द्यावं लागतं, आणि पूर्ण पिकलं की साल इतकी नाजूक होते की बोट लागलं तरी डाग उठतो. बुडाला जो डोळा असतो (देठाच्या विरुद्ध बाजूचं छिद्र), तिथून मुंग्या, भुंगेरे आणि आंबवणारी यीस्ट आत शिरतात. तुमच्याकडे येतोय तो वास त्याचाच. बाहेर ठेवलं तर दोन दिवस, फ्रिजमध्ये कोरडं, एकावर एक न रचता ठेवलं तर जास्तीत जास्त आठवडा. धुवायचं ते खायच्या वेळी, आधी नाही.

आम्ही तोडतो ते उजाडताना, ऊन चढायच्या आत. पाटीत खाली अंजिराचीच पानं, मग फळांचा थर, परत पानं. हल्ली प्लास्टिकच्या डब्या आणि कागदी पेट्या आल्यात, पण पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला अजूनही पाट्या जातात. लांबच्या बाजारासाठी तोडायचं असेल तर फळ एक-दीड दिवस आधी, जरा टणक असताना काढावं लागतं. म्हणजे दिल्लीला जे पुरंदरचं अंजीर पोचतं ते आमच्या बांधावर खाल्लेल्यापेक्षा कमी गोड असतं. दोष कुणाचाच नाही, फळाची जातच तशी.

आता वाळवण्याचं. खारेदाणे "चामडं होतं" म्हणतात ते बरोबर, पण का होतं ते सांगतो. आमच्याकडे लागवड मुख्यतः पूना अंजिराची. हे रसाळ आणि पातळ सालीचं, ताजं खायचं फळ. त्यातही बाजारातून आणलेलं म्हणजे थोडं आधी तोडलेलं, साखर पूर्ण न भरलेलं. त्यातलं पाणी काढून टाकलं की उरतं काय? साल, थोडी साखर आणि पोकळ बिया. तिकडे तुर्कस्तानात आयदिन भागात वाळवायची जात वेगळी आहे. तिथे फळ झाडावरच सुरकुततं, अर्धंमुर्धं वाळून आपोआप खाली पडतं, मग गोळा करून उन्हात पसरतात. त्यांचा ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा ठणठणीत असतो.

माझ्या मते आपण ताजं आणि सुकं अंजीर एकाच फळाची दोन रूपं समजतो तिथेच गल्लत होते. जाती वेगळ्या, गावं वेगळी, बाजार वेगळे.

किड्यांचं उद्या लिहितो. नाहीतर दुसऱ्या कुणीतरी शास्त्रशुद्ध लिहा. पहाटे उठायचंय.

---

निंबोणी

किड्यांचं मी लिहिते, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली आहे.

वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही सगळी फायकस प्रजातीतली. ज्याला आपण अंजिराचं फळ म्हणतो तो खरं तर एक बंद फुलोरा आहे. पिशवीसारखी मांसल भिंत आणि आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं. ती बाहेर कधी दिसत नाहीत, म्हणून तर "उंबराचं फूल" म्हणायची वेळ आली.

आत बंद असलेल्या फुलांना परागकण पोचवायचं काम अगदी चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. प्रत्येक फायकसची माशी बहुधा वेगळी. उंबर फोडलं की भुरभुर उडतात त्या याच, त्यामुळे सासूबाईंचं निरीक्षण उंबरापुरतं शंभर टक्के खरं.

अंजिराची माशी म्हणजे ब्लास्टोफॅगा सेनीस. पण खाण्याच्या अंजिरात दोन मोठे गट आहेत. एका गटाला परागीभवनाची गरजच नसते, फळ त्याशिवाय भरतं. आपलं पूना अंजीर या गटातलं. ताई, तुमच्या पेटीतल्या फळात माशी नाही, तिचा अंशही नाही. (मुंगी किंवा अळी डोळ्यातून शिरली असेल तर ती गोष्ट वेगळी, तेवढ्यासाठी फोडून बघायला हरकत नाही.)

दुसरा गट स्मिर्ना अंजिरांचा. यात परागीभवन झालं नाही तर फळ कच्चंच गळतं. तुर्कस्तानातलं सुकं अंजीर मुख्यतः या गटातलं. तिथले शेतकरी जूनच्या सुमारास रानटी नर अंजिराची फळं आणून बागेतल्या झाडांवर टांगतात. त्यातून परागकण अंगावर घेऊन मादी माशी बाहेर पडते आणि डोळ्यातून खायच्या अंजिरात शिरते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तिथेच तुटतात. आतल्या फुलांचे दांडे लांब असल्याने तिला अंडी घालता येत नाहीत. फुलांवर फिरते, परागीभवन करते आणि तिथेच मरते. अंजिरात फिसिन नावाचं प्रथिनं विरघळवणारं विकर (एन्झाइम) असतं, ते तिचा बराचसा भाग पचवून टाकतं. खाताना दाताखाली कुरकुरतात त्या बिया, माशीचे पाय नव्हेत!

आणि कऱ्हाकाठचे, तुम्ही "पोकळ बिया" म्हणालात ते अगदी नेमकं. परागीभवन झालेल्या स्मिर्नात बिया भरीव, तेलकट असतात. सुक्या अंजिराला जी खमंग चव येते तिच्यात या बियांचा वाटा मोठा आहे. आपल्या अंजिरात ती कुठून येणार?

---

टेकडीवरची

निंबोणीताई, दंडवत! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सुक्यात असतो की किडा." आता बाईंनी सुकं अंजीर बंद केलंय आणि ताजं सुरू. 😀

---

वडाची_साल

आमच्या जैन घरात हा वाद जुना आहे. पाच उदुंबर फळं वर्ज्य: वड, पिंपळ, उंबर वगैरे. त्यात अंजीर धरायचं की नाही यावर आजोबा आणि त्यांच्या भावाचं जन्मभर पटलं नाही. आजोबांकडे ताजं, सुकं दोन्ही बंद. पलीकडच्या घरात अंजीर बर्फी चालायची. आम्ही मुलं कुठल्या घरी खेळायला जायचो ते सांगायला नको.

---

चष्मिष

निंबोणी यांच्या प्रतिसादाला एक किस्सा जोडतो. १८८० च्या आसपास कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून (आजचं इझमीर) कलमं मागवली गेली. झाडं जोमात वाढली, पण फळ धरेना, सगळं गळून जाई. काहींना वाटलं, तुर्कांनी मुद्दाम वांझ कलमं खपवली. माशीचं काम सांगणारे होते, पण बरेच जण ती शेतकऱ्यांची अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेत. शेवटी फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगच्या बागेत १८९९ मध्ये माशी आणून रुजवली, तेव्हा कुठे फळ टिकलं. कॅलिमिर्ना नावाने विकलं जातं ते हेच.

अवांतर: जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल इथे अकरा हजार वर्षांहून जुनी, जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली. ती परागीभवनाशिवाय धरणाऱ्या झाडाची होती आणि असं झाड माणसानेच फांद्या लावून वाढवलं असणार, असा दावा २००६ मध्ये झाला. म्हणजे गहू-बार्लीच्याही आधी अंजिराची शेती. इतर अभ्यासकांनी त्यावर हरकती घेतल्यात, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा.

---

खारेदाणे

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. पुरंदरच्या अंजिराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून वर्षं झाली. तरी आपले शेतकरी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात. प्रक्रिया करा, मूल्यवर्धन करा, सुकं अंजीर करायची जात आणा. अफगाणिस्तानात बॉम्ब पडत असताना ते करू शकतात, आपण का नाही?

---

कऱ्हाकाठचा

खारेदाणे, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता विचारतो. हिशोबच मांडतो.

पिकलेल्या अंजिरात पाणी साधारण ८० टक्के. म्हणजे किलोभर फळात घन भाग २०० ग्रॅम. सुक्या अंजिरात पाणी २० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं असतं, म्हणजे त्या किलोचं कागदावर पाव किलो सुकं होईल. त्यातून देठ, फुटकी, काळी पडलेली काढली की प्रत्यक्षात साडेचार-पाच किलो ताज्याचं एक किलो सुकं. समजा मला ताज्याला किलोला ८० रुपये मिळाले. एक किलो सुक्यात नुसत्या फळाचेच ३६० ते ४०० गेले. वर मजुरी, ट्रे, वाळवणयंत्राची वीज, पॅकिंग. आणि हे करून तयार होणारा माल दुकानात कुणाशेजारी बसणार? अफगाणी नंबर एकशेजारी. गिऱ्हाईक दोन्ही चाखणार आणि तिकडचं उचलणार.

त्याहून मोठी मेख पुढे आहे. वाळवायला फळ सगळ्यात चांगलं लागतं: पूर्ण पिकलेलं, न फुटलेलं, साखर भरलेलं. आणि नेमकं तेच फळ ताजं विकलं तर सगळ्यात जास्त भाव देतं. मग मी वाळवू कशाला? वाळवण हा उरलेल्या मालाचा उपाय नाही. उरलेल्या मालाचा उपाय म्हणजे गर. फुटलेलं, फार मऊ, आकाराने बारीक, बाजारात ज्याला कुणी विचारत नाही असं फळ गरात चालतं. मग जॅम, बर्फी, रस, आइस्क्रीमवाल्यांना गोठवलेला गर. आमच्या भागात प्रक्रिया होते ती अशी. जीआय २०१६ मध्ये मिळालं आणि २०२४ मध्ये इथल्या शेतकरी कंपनीचा अंजिराचा रस अपेडाच्या (शेतमाल निर्यातीसाठीची सरकारी संस्था) मदतीने पोलंडला गेला. सुकं अंजीर नाही गेलं, रस गेला. उगाच नाही.

जातींचं म्हणाल तर दिनकर आहे, राहुरीच्या विद्यापीठाने दिलेली फुले राजेवाडी आहे. जाधववाडीला अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे आमच्या तालुक्यात. वाळवायला डायना बरी म्हणतात, ती लावणारे लावतातही. पण उभी बाग तोडून नवी जात लावायची म्हणजे फळ हातात यायला तिसरं वर्ष, नीट उत्पन्न त्यापुढे. तोवर खायचं काय?

---

खारेदाणे

गराचा मुद्दा पटला. बॉम्बचं विधान मागे घेत नाही पण. 😛

---

प्राची_ठाणे

कऱ्हाकाठचे, खट्टा बहार-मीठा बहार म्हणजे काय ते जरा सांगाल का? बाजारात विक्रेते म्हणतात, आम्हाला काही कळत नाही. आणि माझ्या बाल्कनीतल्या कुंडीत अंजीर आहे. पानं हत्तीच्या कानाएवढी येतात, फळं वाटाण्याएवढी होऊन गळतात. पावसाळ्यात पानांच्या मागे तपकिरी भुकटी येते आणि झाड बोडकं होतं. काढून टाकू का?

---

कऱ्हाकाठचा

काढू नका!

बहार म्हणजे झाडाला विश्रांती देऊन, छाटून, हव्या त्या वेळी फळ घेणं. उन्हाळ्यात ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, जूनच्या सुमारास छाटलं की पावसाळ्यात वाढून फळ थंडीच्या तोंडाला येतं, तो खट्टा. नावाप्रमाणे गोडी कमी, पण तेव्हा बाजारात अंजीर नसतं म्हणून भाव बरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटलं की फळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत चालतं, तो मीठा. कोरडी हवा, वाढतं ऊन, त्यामुळे गोडी भरते. अवकाळीचा एक सडाका आला की पिकलेली फळं उभी फुटतात, तो भाग सोडा.

आमच्याकडे फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरतं. म्हणून छाटणीला पर्याय नाही. जुन्या फांदीवर डोळे (फळाचा नव्हे, फांदीवरचे कोंब) झोपलेले असतील तर डोळ्याच्या जरा वर तिरकी खाच पाडतात, त्याने तो डोळा फुटतो.

तुमच्या कुंडीचं: तपकिरी भुकटी म्हणजे तांबेरा. दमट हवेत येणारच. पडलेली पानं कुंडीत कुजू देऊ नका, गोळा करून फेका. पावसाच्या सुरुवातीला एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) पानांच्या खालच्या बाजूने बसेल असं फवारा, पण फळं पिकायच्या बेतात असतील तर नको. पानं हत्तीच्या कानाएवढी म्हणजे नत्र जास्त, ऊन कमी. शेणखत, खरकटं पाणी, युरिया जे काही चाललंय ते आवरा. ऊन किमान सहा तास हवं. बाल्कनी उत्तरेला असेल तर झाड कुणाच्या तरी गच्चीवर दत्तक द्या. कुंडी मोठी, तळाला भोकं भरपूर, मातीत मुरूम किंवा भरड वाळू मिसळलेली. काळी चिकट माती अंजिराला मानवत नाही, मुळाशी पाणी साचलं की संपलं. आणि पाणी एक दिवस बदाबदा, मग चार दिवस विसरलं, असं झालं की फळं गळतात. अंजीर कमी पाण्यावर जगतं, पण लहरी पाणी त्याला चालत नाही.

---

अण्णा_लांजेकर

रत्नागिरी जिल्ह्यातून लिहितो. आमच्या जांभ्यात निचरा उत्तम, तरी अंजीर शोभेचंच राहिलं. चार महिने पाऊस कोसळतो, तांबेरा पाठ सोडत नाही. पावसात धरलेलं फळ पाणचट, आणि उन्हाळ्यातलं जे काही पिकतं ते बुलबुल आणि वटवाघळं आपसात वाटून घेतात. शेजारी म्हणतो जाळी लाव. मी म्हणतो, फणस आहे, हापूस आहे, त्यांनी तरी काहीतरी खावं. अंजीर हे घाटमाथ्याच्या पलीकडच्या कोरड्या मुलखाचं काम. पुरंदर, दौलताबाद, खाली बेल्लारी. आमचं नव्हे.

---

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत अंजीर हा इटालियन लोकांचा जीव की प्राण. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी येताना काड्या आणल्या आणि हिवाळ्यात झाड जगवायच्या एकेक तऱ्हा काढल्या. काही जण झाड गोणपाट, गालिचे, ताडपत्रीत गुंडाळून वर बादली पालथी घालतात. काही जण एका बाजूची मुळं तोडून झाड आडवं करतात आणि चक्क चर खणून पुरतात, वसंतात परत उभं करतात. मी शिकागो हार्डी (थंडी सोसणारी जात) कुंडीत लावलंय. थंडीत पानं गळली की कुंडी गॅरेजमध्ये. झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही, अधूनमधून घोटभर पाणी पुरे. बर्फ सरला की बाहेर. बाहेर जमिनीत राहिलेलं झाड वरून मेलं तरी मुळातून फुटतं आणि नव्या फुटीवर उन्हाळ्याअखेर फळ देतं.

पुढच्या भारतवारीत पूना अंजिराच्या काड्या आणायचा विचार आहे. ओल्या कापडात गुंडाळून बॅगेत, कोण बघतंय.

---

निंबोणी

जर्सीकर, कृपा करून नको. रोपाची काडी परवान्याशिवाय आणणं तिकडे बेकायदा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काडीबरोबर तांबेरा, खवले कीड, खोडकिड्याची अंडी सगळं प्रवास करतं. तुमच्या इटालियन शेजाऱ्याच्या कुंपणावरून हवी ती जात मिळेल, फुकट आणि गप्पांसकट.

---

जर्सीकर

बरं बाई. रद्द.

---

स्वैपाकीण_नाही_मी

कुणी कृती देईना म्हणून मी देते. (नावावर जाऊ नका.)

ताज्या अंजिराचा जॅम: पिकलेली, पण न आंबलेली अंजिरं एक किलो. देठ काढा, चार तुकडे करा, साल ठेवा. साखर अर्धा किलो आणि दोन मोठ्या लिंबांचा रस घालून तासभर झाकून ठेवा, पाणी सुटतं. जाड बुडाच्या पातेल्यात आधी मध्यम, मग मंद आचेवर. डावाच्या पाठीने दाबत राहा. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढली की दोन्ही बाजू परत मिळता कामा नयेत, तेव्हा उतरवा. लिंबू चवीपुरतं नाही हं, ते वगळू नका. अंजीर मुळात आंबट नसतं, त्यामुळे नुसत्या साखरेवर जॅम नीट जमतही नाही आणि टिकायचा भरवसाही नाही. एवढ्या कमी साखरेचा जॅम फ्रिजमध्येच ठेवा.

वेलची घालतात लोक. मला नाही आवडत, सगळ्याला खिरीचा वास येतो. दोन मिरीदाणे भरड कुटून घालून बघा.

बर्फीसाठी मात्र सुकी अंजिरंच घ्या. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, निथळून वाटा, दोन चमचे तुपावर गोळा कडा सोडेपर्यंत परता. त्यात भाजलेले काजू-बदाम-पिस्त्याचे तुकडे. खसखशीवर लाटून गुंडाळी करा, गार झाल्यावर कापा. साखर अजिबात नाही. पण "शुगर फ्री" म्हणून मधुमेही काकांच्या हातात ताटली देऊ नका. सुक्या अंजिरात १०० ग्रॅमला ४८ ग्रॅमच्या आसपास साखर त्याची स्वतःचीच असते.

---

प्राची_ठाणे

ताज्या अंजिराचं मिल्कशेक करून ठेवलं तर कडू होतं. दूध खराब होतं म्हणायचं की अंजीर?

---

निंबोणी

दोन्ही चांगलेच, गाठ चुकीची. मघाशी सांगितलं ते फिसिन दुधातल्या प्रथिनांवर काम सुरू करतं. आधी दूध फाटल्यासारखं होतं, मग कडवट. केलं की लगेच प्या, किंवा अंजीर आधी उकळी येईपर्यंत शिजवून गार करून घाला. उष्णतेने विकर निकामी होतं. फिसिन चिकात भरपूर असतं. पूर्वी भूमध्य समुद्राकाठी दुधाचं चीज करायला अंजिराचा चीक वापरत.

---

कऱ्हाकाठचा

चिकावरून आठवलं. कच्चं फळ किंवा पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो हाताला लागून वर ऊन पडलं तर आग होते, फोड येतात, नंतर काळे डाग राहतात. तोडणीला पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि हातमोजे लागतात. काही बाया खोबरेल चोपडून येतात. प्राचीताई, छाटणी करताना मुलांना लांब ठेवा.

---

वडाची_साल

सुकं अंजीर विकत घेताना काय बघायचं? दोरीत ओवलेलं घ्यावं की डब्यातलं? वर पांढरं असतं ती बुरशी का?

---

चष्मिष

दुकानाचा अनुभव आहे म्हणून सांगतो (वडिलांचं किराणा-सुकामेव्याचं होतं).

दोरीत ओवलेला माल आपल्याकडे मुख्यतः अफगाणी. ओवलंय म्हणून चांगलं असं काही नाही. दाबून बघा: बोटाखाली दबलं पाहिजे आणि हळूच वर आलं पाहिजे. दगडासारखं असेल तर जुनं. फार पिवळं-गोरं दिसत असेल तर गंधकाची धुरी दिली असण्याची शक्यता. दम्याच्या माणसाने ते टाळलेलं बरं. पांढरं जर कोरड्या पिठासारखं असेल आणि पाण्याने विरघळत असेल तर ती फळाचीच वर आलेली साखर. लोकरीसारखं, हिरवट किंवा वास येणारं असेल तर बुरशी, सरळ फेका. धुऊन खायचं नाही, कारण बुरशीचं विष धुऊन जात नाही. अफ्लाटॉक्सिन नावाचं हे विष म्हणजे सुक्या अंजिराची जुनी डोकेदुखी. तुर्कस्तानात अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली फळं निवडतात, संशयित फळ हिरवट-पिवळं चमकतं.

आणलं की फोडून एक बघा, अळीचं जाळं नाही ना. मग हवाबंद डबा फ्रिजमध्ये. पावसाळ्यात बाहेर ठेवू नका.

---

खारेदाणे

पुरंदर विमानतळाला जी सात गावं जाणार म्हणतात त्यात अंजीर-सीताफळाच्या बागा किती आहेत, त्यावर कुणी बोलेल का? रस पोलंडला पाठवायचा आणि बाग धावपट्टीखाली?

---

कऱ्हाकाठचा

बोलायला लागलो तर थांबणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

---

संपादक

त्या विषयासाठी "चालू घडामोडी" विभाग वापरावा. इथे अंजीर चालू ठेवा.

---

टेकडीवरची

दुसऱ्या पेटीतली बरी होती त्यांचा जॅम लावलाय, मिरीदाणे घालून. पण थोडीशी वाळवायचीच आहेत, चामडं तर चामडं. कऱ्हाकाठचे, हौसेपुरतं कसं करायचं ते सांगा ना.

---

कऱ्हाकाठचा

हौसेला मोल नाही. पूर्ण पिकलेली घ्या, देठाशी मान लवलेली. अख्खी वाळवायची तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा, सालीला बारीक चिरा पडतात आणि पाणी लवकर निघतं. सोपं हवं असेल तर उभे दोन भाग करा, कापलेली बाजू वर. स्टीलच्या जाळीवर पसरा, वरून मलमल, गच्चीवर कडक ऊन. रात्री घरात घ्या, नाहीतर दव पिऊन पुन्हा ओली होतात. ओव्हन असेल तर ६० अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं. चिकटपणा गेला, दाबल्यावर रस आला नाही, पण वाकवलं तर मोडलं नाही की झालं. मग बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवा. आतून दव धरलं तर परत उन्हात.

खायला कोरडी लागतील. बारीक चिरून शिऱ्यात किंवा लाडवात घाला, तिथे खपतात.

---

प्राची_ठाणे

काडी लावायची असेल तर कधी? माझी मैत्रीण गच्चीवाली आहे, तिला दत्तक द्यायच्या आधी एक काडी काढून ठेवते म्हणते.

---

कऱ्हाकाठचा

छाटणीच्या वेळची, आठ-बारा महिने वयाची पेन्सिलीएवढी जाड काडी. वीतभर लांब, चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. चीक निथळू द्या, सावलीत दिवसभर ठेवा, मग दोन तृतीयांश मातीत. माती ओलसर, चिखल नको. पानं फुटली म्हणून उपटून मुळं बघायची नाहीत, सगळे तेच करतात. आणि खोडाला भोक पडून भुसा दिसला तर खोडकिडा आहे, लगेच फोटो टाका.

---

स्वैपाकीण_नाही_मी

टेकडीवरची, जॅम जमला का? मिरीबद्दल लिहा.

---

टेकडीवरची

जमला! सासूबाईंनी पोळीला लावून खाल्ला, आधी बरणीत नीट निरखून बघून. मिरी आवडली, पण पुढच्या वेळी साखर अजून थोडी कमी करेन. वाळवण गच्चीवर आहे, कावळ्यांचा पहारा चालू आहे.